नाव ठेवायचं राहिलं

मोरीमागे तो आपणहून उगवला.
कोय कुणी टाकली, ठाऊक नाही.
नऊ वर्षं खरकटं पाणी पीत उभा,
ना मोहोर, ना लाज.
दर उन्हाळ्यात मी म्हणायचे, पुढच्या साली तोडू,
तिथं वॉशिंग मशीन ठेवू.

यंदा लागला.
मी मोजल्या, सतरा कैऱ्या.
चेतनानं मोजल्या, अठरा.
अठरावी पत्र्याआड होती.

आमच्या गिरणेकाठी गावठी आंब्याला
माणसासारखं नाव असतं, चवीवरून पडलेलं.
सासऱ्यांच्या मळ्यात शेप्या होता, शेपूच्या वासाचा,
खोबऱ्या होता, शेंदऱ्या होता,
आणि बांधावर एक तलाठी,
वरून रसाळ दिसायचा,
हाती काही लागू द्यायचा नाही.

तेव्हा यालाही नाव हवं.
पण चाखल्याशिवाय ठेवायचं कसं,
आणि चाखायचं कसं, आखाजी अकरा दिवसांवर असताना?
"पहिले पितरस्ले, मंग आपले,"
केवळबाई गच्चीवरून म्हणाल्या
आणि बिबडे उलटत राहिल्या.

वाऱ्यानं पाडलेल्या एका कैरीची
कांदा घालून चटणी केली.
दात आंबले. पण पोरवयातल्या स्वभावावरून
कुणाचं नाव ठेवू नये.

मग अकरा दिवस आम्ही बाकीचं सगळं खाल्लं.
पहाटे चारला केवळबाईंच्या चुलीवर
ज्वारीचा घाटा रटरटायचा, तीळ, लसूण, मिरची,
वाटीत घेऊन वर कच्चं तेल.
निम्मा ओल्या धोतरावर थापला,
निम्मा थापणाऱ्यांच्या पोटात.
दुपारी, कडेला कडक आणि मधे अजून ओला
असा बिबडा असतो,
तो मागून मिळत नाही, चोरूनच खावा लागतो.
सुपडूमामा सायकलला डांगर बांधून आले,
नदीच्या वाळूतलं.
सुरी लागायच्या आधीच तडकलं ते,
आणि पंचेचाळीस डिग्रीत
घरभर वास फिरला, पाहुण्यासारखा,
खोली-खोलीत डोकावून.

नवव्या दिवशी, भर दुपारी,
पत्र्यावर धप्प झालं.
खारीनं अर्धा खाल्लेला, पाडाचा, ऊन-ऊन.
मी उचलला. विचार केला.
खारीचा उष्टा पितरांना चालणार नाही.
टाकून दिला तर पाप.
शास्त्र असं सरळ असलं
की मला फार बरं वाटतं.

मोरीतच उभ्यानं खाल्ला.
रस कोपरापर्यंत आला, बाही भिजली.
आधी आंबट, मग जरासा कापूर,
मग एकदम गोड, अंगावर आल्यासारखा,
आणि अगदी शेवटी भांडी घासायच्या राखेसारखं काहीतरी,
की तो जागेचा भास?
कोय उकिरड्यात खोल पुरली.

आखाजीला घागर भरली,
वर डांगर, त्यावर दोन आंबे.
केवळबाईंनी हातावर मांडा फिरवत फिरवत
पार कोपरापर्यंत नेला
आणि खापरावर असा टाकला,
जणू झोपलेलं पोर अंथरुणावर.
पितरांचं झालं. मग आपलं.

"दोरे फार," लोटनभाऊजी म्हणाले.
"साल जाड," सुपडूमामा.
"केसरची सर नाही," हर्षल म्हणाला,
पुण्याहून आलेला, दोन महिन्यांत केसरमधला जाणकार.
चेतना म्हणाली, कोयच मोठी.
नावं सगळ्यांनी ठेवली,
नाव कुणीच ठेवलं नाही,
आणि बोलता बोलता पातेलं
चौथ्या मांड्यानं पुसून काढलं.

"तुले कसा लागना?" लोटनभाऊजींनी मला विचारलं.
मी पहिल्यांदाच चाखतेय असं तोंड केलं,
डोळे मिटले, वेळ घेतला.

केवळबाई माझ्या बाहीकडे बघत होत्या.
दोनदा धुऊनही डाग राहिलाच होता.
"तिले काय इचारतस," त्या म्हणाल्या,
आणि माझ्या पानात तुपाची धार सोडली,
"त्या खारले इचारा."